अंडीखाऊच्या शोधात

पावसाळा लागला की अमरावतीत फोनवर साप निघू लागतात. पोहऱ्याच्या जंगलातली घोणस, छत्री तलावाकाठची दिवड, कुणाच्या न्हाणीतला कवड्या. परवा एक तस्कर आला. स्वच्छ दगडावर, मान वळवून, लग्नाच्या फोटोला बसवल्यासारखा. आजूबाजूला पान नाही, काडी नाही. पकडून, बसवून काढलेले असले फोटो मला आवडत नाहीत. १९७२ चा वन्यजीव कायदा राहू द्या बाजूला. त्या फोटोत साप तेवढा असतो, त्याचं वावर नसतं.

अंडीखाऊ सापाला तर वावर हवंच. प्राणिशास्त्रज्ञ राइनहार्टनं १८६३ मध्ये रंगपूरच्या नमुन्यावरून त्याला शास्त्रात आणलं, आणि नंतर तो इतका क्वचित सापडला की पुस्तकातच राहतो की काय, असं वाटावं. मग २००५ मध्ये वर्ध्याची नोंद छापून आली, २००७ मध्ये नांदे-देशमुखांच्या अमरावती जिल्ह्यातल्या सापांच्या यादीतही तो आला. सडपातळ, काळपट तपकिरी, पाठीवरून फिकट पट्टा. दात नावापुरते. पक्ष्याचं अंडं सबंध गिळतो. घशापाशी कण्याच्या मणक्यांची टोकं आत आलेली असतात, त्यांच्यावर दाबून ते फोडतो. बलक पोटात जातो. ना सांडलवंड, ना आवाज. नाग फणा काढतो, घोणस फुत्कारते, त्यांचं कौतुक पुष्कळ झालं. मला ही टापटीप जास्त भावते.

लोक सापांसाठी मेळघाटात जातात. मी श्रावणात दर्यापूर-अकोट रस्त्यालगतच्या खारपाणपट्ट्यात टॉर्च घेऊन धुऱ्याधुऱ्यानं हिंडतो. चिखल बुटाला असा धरतो की पाय उचलताना बूट मागेच राहावा. बाभळीच्या बुंध्याशी उजेड टाकत होतो, तेवढ्यात राखणीवरचे एक काका आले.

"काय पाहून राह्यले जी एवढ्या राती?"

"साप."

"लोकं साप दिसला का पयतेत, तुमी त्याले शोधाले आले!"

फोनमधला अंडीखाऊ दाखवला. त्यांनी तो हातभर लांब धरून पाहिला आणि विचारलं, "कोंबडीचं अंडं जाते का याच्या तोंडात?" नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला. नागपंचमीला आमच्याकडे नांगर नाही, तवा नाही, एवढं सांगून त्यांनी बोंडअळीचा विषय काढला. मग टॉर्च बंद करून आम्ही धुऱ्यावर बसलो, आणि औषधाचे भाव कुठवर गेले यावर बराच वेळ बोललो.