निळी तार

ओहम हा शाळामास्तर होता, हे मला फार उशिरा कळले. आणि कळले तेव्हा, खरे सांगतो, आपला एखादा सोयरा मोठ्या हुद्द्यावर असल्याचे कळावे तसा आनंद झाला. कोलोन शहरातल्या शाळेत तो पोरांना गणित आणि पदार्थविज्ञान शिकवी. अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा काढून तो बर्लिनला गेला आणि १८२७ साली विजेच्या प्रवाहाचा आपला नियम त्याने पुस्तकात मांडला. विद्वानांनी बरीच वर्षे त्याकडे ढुंकून पाहिले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे पदक त्याला मिळाले ते १८४१ साली. अर्ध्या पगाराची रजा आणि विद्वानांची उपेक्षा या दोन्ही गोष्टी ज्याच्या वाट्याला आल्या, तो मास्तर कोणत्याही देशातला असो, आपलाच म्हणायचा!

त्याचा नियम मी कितीतरी वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. पोरे तो वहीत उतरवतात, परीक्षेत उतरवतात आणि तिथेच ठेवून घरी जातात. पण तो माणसाच्या बोटांत उतरलेला मी पाहिला तो जव्हारच्या एका टपरीत. टपरी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. विज्ञानाच्या पेपरात हा गडी काठावर सुटला होता. आता तो जीपगाड्यांत आणि पिकअपमध्ये गाण्याची यंत्रे बसवून देतो. मोखाड्यापासून, खोडाळ्यापासून ड्रायव्हर लोक त्याच्याकडे येतात. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या बाकड्यावर जाऊन बसतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला कुठेतरी रिकामे बसावेच लागते.

अँप्लिफायर म्हणजे दिसायला एक चपटी धातूची पेटी. तापलेली ऊब बाहेर जावी म्हणून तिच्या अंगावर पन्हाळीसारख्या कडा असतात. पोरे तिला नुसते ‘अँप’ म्हणतात; आणि तिच्या जोरावर घुमणारा तो मोठा काळा कर्णा, ज्याला कंपनीवाले सबवूफर म्हणतात, तो यांच्या भाषेत ‘बेस’. जाड तांबडी तार बॅटरीकडून अँपकडे येते. तिच्यावर बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज हवाच. “फ्यूज अँपसाठी नसतो, गुरुजी,” तो मला सांगत होता, “तारेसाठी असतो. तार पत्र्याला घासली, सोलली, तर फ्यूज जाईल. नाहीतर गाडी जाईल.” काळी तार गाडीच्या अंगाला जोडायची, पण रंगावर नाही. तो पॉलिशपेपर घेऊन रंग खरवडतो, पत्रा पांढरा लखलखीत दिसेपर्यंत. गाण्याची बारीक तार गाडीच्या एका कडेने न्यायची आणि बॅटरीची दुसऱ्या कडेने. शेजारी शेजारी नेल्या, किंवा काळी तार रंगावरच आवळली, तर गाण्यात कुईकुई शिरते आणि गाडीने चढ धरला की इंजिनाबरोबर तीही वर चढत जाते. या सगळ्या तारांत एक निळी तार असते, अगदी काडीसारखी. तिच्यातून काही वाहत नाही म्हटले तरी चालेल. टेप सुरू झाला की ती अँपला एवढेच सांगते, ‘ऊठ.’ तिच्यात वीज नसेल तर जाड तांबडी तार कितीही भरलेली असो, अँप झोपलेला असतो.

गेल्या दिवाळीच्या आधी मोखाड्याच्या बाजूचा एक जीपवाला त्याच्याकडे आला. वयाने माझ्याच बरोबरीचा. जीप जुनी, पण पुसून-पासून ठेवलेली. त्याला हजार वॉटचा अँप हवा होता आणि बारा इंची दोन बेस. का, तर स्टँडवर चार जीपा उभ्या असतात आणि जवान पोरे ज्या जीपमध्ये ठोका जोरात असेल तिच्यात चढतात. भाडे सगळ्यांचे सारखेच! यात हसण्यासारखे काही नाही. चार माणसे कमी बसली तर त्या दिवसाच्या डिझेलचे पैसे निघत नाहीत.

माझ्या विद्यार्थ्याने वाद घातला नाही. त्याने दोन्ही बेस आणि अँप तात्पुरते जोडले, इंजिन चालू ठेवून पुढचे दिवे लावायला सांगितले, मीटरची दोन टोके बॅटरीला टेकवली आणि गाणे सोडले. संध्याकाळ झाली होती. समोरच्या भिंतीवर उजेडाचे दोन गोल पडले होते. आणि ढोलाचा प्रत्येक ठोका पडला की ते दोन्ही गोल मान टाकीत, पुन्हा उचलीत.

“पाहिलंत, काका?”

काकांनी पाहिले. मग त्याने पत्र्याच्या एका तुकड्यावर खडूने हिशेब मांडला. हजार वॉटला बारा व्होल्टने भागले की ऐंशीच्या वर अँपिअर होतात. अँप स्वतः तापण्यात दवडतो ते वेगळेच. पुढचे दोन दिवे मिळून एकशे दहा वॉट, म्हणजे सुमारे नऊ अँपिअर. जुन्या जीपच्या अल्टरनेटरने इतके आणायचे कुठून? तो पुरला नाही की बॅटरीतून जाते, आणि तीही दमली की दिव्यांच्या वाट्याचे जाते. जव्हार-मोखाड्याच्या घाटातले पावसाळी धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. तिथे दिवा हा दिसण्यासाठी नसतो. रस्ता अजून शिल्लक आहे एवढे कळण्यासाठी असतो.

“मग पाचशेचा घातला तर आवाज निम्मा होईल ना रे?” काकांनी विचारले.

“नाही काका. निम्मा वाटायला शक्ती दहाव्या हिश्शावर यावी लागते. हजाराचे पाचशे केले तर कानाला थोडेच कळते. एकच बेस घ्या. पेटी मी मागच्या कोपऱ्यात, पत्र्याला टेकून बसवतो. कोपरा आवाज फुकट वाढवतो.”

हे कानाचे गणित मी त्याला कधी शिकवले नव्हते. ते त्याने कुठून मिळवले असेल ते असो. पण हिशेब बिनचूक होता.

कोपऱ्याच्या त्या फुकट आवाजावरून मला तारपा आठवला. आमच्याकडे भातकापणीच्या दिवसांत तो वाजतो. दुधी भोपळ्याच्या पोटात फुंकर साठते, बांबूच्या दोन नळ्यांतून ती सूर होऊन निघते आणि खाली ताडाच्या पानांचा लांब कर्णा असतो. हा कर्णा आवाजात स्वतःची शक्ती मुळीच घालीत नाही. माणसाच्या छातीत आहे तेवढीच हवेत नीट उतरवून देतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचे सारे आयुष्य या वाद्यात गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तारपा वाजतो तेव्हा नाचणारी साखळी वाजवणाऱ्याभोवती फिरते, त्याच्यापासून फार लांब जात नाही. जीपमधला बेस मात्र डोंगरापलीकडच्या पाड्यालाही उठवतो, आणि तो आपली शक्ती दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून आणतो. शहरातून आलेले पाहुणे एकाचे कौतुक करतात आणि दुसऱ्याला नाके मुरडतात. मला ते तितकेसे पटत नाही. दोहोंभोवती जमणारी पोरे तीच असतात.

काका पाचशेच्या अँपवर राजी झाले. पैसे मोजता मोजता ते सहज म्हणाले, “रात्री-अपरात्री आमच्या पाड्यावरून बाळंतीण न्यायची झाली की माझीच जीप लागते. गडबडीत किल्ली फिरवली की टेप आपोआप सुरू होतो. मागे एकदा बाई कळा देत होती आणि वर गाणं दणाणत होतं. बटण सापडेना. सासू माझ्या पाठीवर बुक्क्या मारीत होती.”

ते हसले. आम्ही दोघे हसलो नाही.

पोराने हातातला पाना खाली ठेवला. टेपमागून निघालेली ती निळी तार त्याने मधोमध कापली, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, अंधारातही बोटाला लागेल अशा जागी, एक साधे खटक्याचे बटण बसवले आणि दोन्ही टोके त्याला जोडली. “वर केलं की बेस चालू. खाली केलं की टेप काहीही ओरडू दे, अँप उठायचा नाही. सगळी बॅटरी दिव्यांना.” त्या बटणाचे त्याने काकांकडून काही घेतले नाही. मी नंतर किंमत विचारली. म्हणाला, “गुरुजी, चहाएवढी.”

पाड्यावरचे लोक आता सांगतात की रात्री ती जीप ठोक्याशिवाय गेली तर माणसे अंथरुणात उठून बसतात आणि कोणाच्या घरचे, याची मनात मोजदाद करतात. सकाळी ठोका वाजत परत आली तर सारे ठीक आहे असे समजतात. काकांनी असा काही संकेत ठरवला नव्हता. तो आपोआप पडून गेला.

दिवाळी झाली. भात झोडून झाले आणि दरवर्षीप्रमाणे माणसे वीटभट्ट्यांवर निघाली. कुणी भिवंडीकडे, कुणी वसईकडे. सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा माझ्या वर्गात काही बाके रिकामी असतात, ती पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तशीच राहतात. यंदा त्यांतली दोन मुले काकांच्या जीपमध्ये होती. मोठी पोरे मागे, बोचकी टपावर आणि ही दोघे कोपऱ्यातल्या त्या पेटीवर, बूड हादरते म्हणून खिदळत बसलेली. “गुरुजी, येतो!” म्हणून त्यांनी हात केला. काकांनी बोटाने खटका वर केला. जीप उताराला लागली. गाण्याचे शब्द पहिल्याच वळणावर विरले. ठोका मात्र त्यानंतरही बराच वेळ ऐकू येत होता.