देवाचा कागद रद्दीत कसा द्यायचा?



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की प्रत्येकीच्या हाती एक गठ्ठा लागतोच. जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरं, क्षमापनेची कार्डं, अगरबत्तीचे पुडे. कुठे भद्रावतीचे केसरिया पार्श्वनाथ, कुठे लक्ष्मी, कुठे नवकार. रद्दीत टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही.

आमच्या सावलीच्या घरात हा प्रश्न तीन पिढ्यांचा आहे. आजेसासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. त्या काळी मिलच्या थानावर रंगीत तिकीट चिकटवलेलं असे. राम, कृष्ण, लक्ष्मी, हत्ती, मोर. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडावरही आपलेच देव! ज्याला वाचता येत नाही त्यानेही चित्रावरून माल ओळखावा, हा व्यापाऱ्यांचा हिशेब. थान संपलं की आजेसासूबाई ते तिकीट पाण्याने ओलं करून अलगद सोडवत आणि पेटीत ठेवत. १९३६ साली याच सावलीत गांधी सेवा संघाचं अधिवेशन भरलं, गांधीजी आले होते. विदेशी कापड नको, हे तेव्हा घराघरांत पोहोचलं होतं. पण त्यावरचा देव काही आजेसासूबाईंनी फेकला नाही.

देव असा घाऊक छापला जाऊ लागला त्यात राजा रविवर्मांचा वाटा मोठा. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईला गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावर चित्र उतरवून, एकेका रंगाचा वेगळा छाप घेऊन लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. बायका त्यांना जर, टिकल्या, मणी लावून सजवायच्या. मग कंपन्यांनीही तीच वाट धरली. ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरवर बाळकृष्ण आला! आमच्या पेटीत अशी दोन-तीन चित्रं आहेत, खालची कंपनीच्या नावाची पट्टी कात्रीने सरळ कापलेली. जाहिरात गेली, देव राहिला.

आपल्या समाजात तर शास्त्रं छापावीत की नाही यावरच एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. छापलेलं पान कुठेही पडेल, पायाखाली येईल, आशातना होईल, अशी भीती होती. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी छापण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यामुळेच आज आपल्या हाती ग्रंथ आहेत. पण ती भीतीही खोटी नव्हती. शास्त्र आपण सापड्यावर ठेवतो, पत्रिकेचं काय?

यंदा पुतणीच्या लग्नात हाच विषय निघाला. मोठे दीर म्हणाले, पत्रिकेवर भगवंतांची छबी हवीच, लोक काय म्हणतील? सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "दोन महिन्यांनी ती पत्रिका कुठं राहते, ते पाहून ये. मग छाप." दीर चार दिवस बोलले नाहीत. शेवटी पत्रिकेवर फक्त 'श्री' आणि वेलबुट्टी आली. दोघा-तिघांनी विचारलंच, देव का नाही? मी सांगितलं, देव मंदिरात आहेत.

जे घरात आधीच आहे, त्याचं आम्ही असं करतो. जुनं, हाताने सजवलेलं, घराण्याची आठवण असलेलं वेगळं काढतो. कोरड्या दिवशी, मध्ये साधा कोरा कागद घालून पेटीत ठेवतो. ओल राहिली की कसर होते, मग जीवहिंसाही होते आणि कागदही जातो. लॅमिनेशन करत नाही, ते पुन्हा निघत नाही. ज्ञानपंचमीला पेटी उघडून सगळं पाहतो, मुलींना दाखवतो. उरलेलं वैनगंगेत सोडत नाही, पाण्यातल्या जीवांना त्रास कशाला? चित्राचा आणि नवकाराचा भाग कापून, जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा कोरड्या जागी जयणापूर्वक परठवतो. बाकीचा कागद रद्दीत.

मैत्रिणींनो, पत्रिकेचा मजकूर बहुतेक घरी आपणच वाचून पाहतो. छापखान्यात जाण्याआधी एवढं एक विचारून पाहा, हा कागद उद्या कुठे जाईल?