गळ्यावरची रेघ

चैत्रातल्या दुपारी बांधावरचा आंबा एकाएकी गप्प होतो. सातभाईंचा कलकलाट मिटतो, बुलबुल पानांत शिरतात. एकटी खार खोडाला चिकटून शेपटी उडवत ओरडत राहते. अशा वेळी मी आभाळात शोधत नाही. झाडातच, सावलीतल्या एखाद्या फांदीवर, शिक्रा बसलेला असतो.

पारव्याएवढा जीव, जेमतेम 30 सेंटिमीटरचा. पाठ राखाडी. छातीवर तांबूस आडव्या रेघा, इतक्या बारीक की लांबून सारी छातीच तांबूस वाटते. नजर ठरली की गळा पाहावा. पांढऱ्या गळ्याच्या मधोमध एक उभी रेघ उतरते, पुसट, राखेचं बोट ओढल्यासारखी. तीच रेघ ठळक काळी असेल आणि छातीवरही उभे फराटे असतील, तर तो दाट रानातला बेसरा. मग डोळा. नराचा डोळा निखाऱ्यासारखा लाल, मादीचा पिवळा-नारिंगी. तो लाल डोळा पहिल्यांदा आपल्याकडे वळतो, तेव्हा श्वास घ्यायचं भान राहत नाही.

आणि तरीही तो पावशा निघू शकतो! मृगाआधी ‘पेरते व्हा’ म्हणून साद घालणारा आपला पावशा. तोच राखाडी रंग, तशीच पट्टेरी शेपटी, फांदीवर येऊन बसण्याची तीच ढब. लहान पाखरंही त्याला पाहून दचकतात. हा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणारा पक्षी. त्याच्या पिल्लाच्या छातीवरही शिक्र्याच्या पिल्लासारखे तपकिरी फराटे असतात. एका पाखराने दुसऱ्याचं रूप बालपणापासून असं अंगावर वागवावं, याहून मोठं नवल मी रानात पाहिलेलं नाही. कानावरही विसंबता येत नाही. शिक्र्याची ‘टी-टुई’ कोतवालही हुबेहूब काढतो.

सोंग उतरतं ते चोचीपाशी आणि पायांपाशी. शिक्र्याची चोच आखूड, आकड्यासारखी. पाय लांब, पिवळे, धारदार नख्यांचे. पावशाची चोच सरळसर, डोळ्याभोवती पिवळं कडं, आणि पाय आखूड, दुबळे. त्या पायांनी शिकार धरता येत नाही.

तुमच्या बांधावरचं झाड असं गप्प झालं, तर टाळी वाजवू नका, खडा मारू नका. दोन पावलं मागे सरून उभे राहा, आणि आधी त्याचे पाय पाहा.