रस्त्याची किंमत

महाराष्ट्रात २०२५ साली मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. ७०१ किलोमीटर लांबीचा हा मार्ग दहा जिल्ह्यांतून जातो. अशा रस्त्याने शेतमाल बाजारात लवकर पोहोचतो आणि रुग्णाला वेळेवर उपचार मिळतात. पण रस्त्याला जागा लागते, आणि ती बहुधा कोणाच्या तरी शेतातून मिळते.

मोजणीच्या खुणा रोवल्या गेल्या, की शेतकऱ्याच्या काळजात चर्र होते. शेताचे दोन तुकडे पडतात. विहीर रस्त्याच्या अलीकडे राहते, पीक पलीकडे. आजोबांनी लावलेल्या आंब्याचे पैसे मिळतात; त्याची सावली मात्र कायमची जाते.

लोकहितासाठी खाजगी जमीन घेण्याचा अधिकार सरकारला आहे. १८९४ च्या कायद्यानुसार मालकाला बाजारभाव व त्यावर थोडी जादा रक्कम मिळे. २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने खेड्यातील जमिनीचा मोबदला बाजारभावाच्या दुप्पट ते चौपट ठरविला. हे न्यायाचेच झाले. सर्वांच्या सोयीचा भार एकट्या शेतकऱ्याने का वाहावा?

मुलांनो, रुंद रस्त्यावरून जाताना त्याखालच्या शेतांचे स्मरण ठेवा. रस्ता सर्वांचा, तर त्याची किंमतही सर्वांनीच दिली पाहिजे.