मागची ओळ

औंढा नागनाथला आम्ही गेलो ते एका जुन्या शिक्षकमित्राच्या आग्रहाने. मराठवाड्यातील या गावचे देवालय प्राचीन. बाहेरच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या. मित्राने आम्हांला देवळाच्या मागील बाजूस नेऊन तेथील नंदी दाखवला. नंदी एरवी देवासमोर असतो. येथील आख्यायिका अशी की, कीर्तन करणाऱ्या संत नामदेवांना मागे जाण्यास फर्मावले गेले. ते मुकाट्याने मागे गेले आणि देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले. नंदी मात्र होता तेथेच राहिला.

सायंकाळी गावातील एका मैदानावर मुली व्हॉलीबॉल खेळत होत्या. आमची पावले आपसूक तिकडे वळली. कारण आमच्या धर्मग्रामातील मुलींच्या संघाला आम्ही अकरा वर्षे हा खेळ शिकवला आहे. त्यातील एक नियम आम्हांला फार प्रिय आहे. सर्व्हिस परत मिळाली की सहाही खेळाडूंनी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकेक जागा सरकायचे. जाळ्यापाशी उंच उडी घेणारी थोड्या वेळाने मागे जाते, मागची पुढे येते. कोणालाच कायम पुढच्या ओळीत राहता येत नाही.

मैदानाबाहेरच्या बाकाला मात्र हा नियम लागू नाही. तेथे कोणी बसायचे, हे प्रशिक्षक ठरवतो. एका स्पर्धेत आम्ही एका मुलीला तिन्ही दिवस बाकावर बसवून ठेवले. ती उंचीने कमी होती आणि आम्हांला करंडक हवा होता. करंडक मिळाला. छायाचित्रात ती आहे, अगदी कडेला. पुढील आठवड्यापासून ती सरावाला आली नाही. आम्हीही तिच्या घराची पायरी चढलो नाही.

चीनच्या लांग पिंग यांची कारकीर्द आम्ही पुढे याच अपराधी मनाने वाचली. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी खेळाडू म्हणून सुवर्णपदक जिंकले. २००८ साली बीजिंगमध्ये, स्वतःच्याच मायभूमीत, त्या अमेरिकेच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या आणि त्या संघाने रौप्यपदक पटकावले. २०१६ साली रिओला त्या चीनचा संघ घेऊन गेल्या. गटातील पाचपैकी तीन सामने हरून संघ चौथ्या क्रमांकावर कसाबसा तगला. पुढे गाठ पडली यजमान ब्राझीलशी. मागील दोन्ही ऑलिंपिकचे सुवर्ण त्यांचेच. पहिला सेट गेला. तेव्हा लांग पिंग यांनी बाकावरच्या लियू श्याओतोंग हिला मैदानात उतरवले. सामना फिरला. अखेर सर्बियाला हरवून चीनने सुवर्णपदक जिंकले. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी व्हॉलीबॉलचे ऑलिंपिक सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्याच.

औंढ्याच्या त्या मैदानाकडेला उभे असताना आम्हांला वाटले, प्रशिक्षकाचे यश करंडकांत मोजू नये. बाकाकडे त्याची नजर किती वेळा वळली, त्यावर मोजावे. मागे पाठवलेल्याकडे देऊळ वळले म्हणतात. आम्हांला साधी मान वळवणे जमले नव्हते.

परतल्यावर आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. आज ती दोन लेकरांची आई आहे. आम्ही क्षमा मागितली. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “सर, त्या दिवशी मी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या होत्या. तेवढे तरी पाहिलेत का?”

आम्ही पाहिले नव्हते. रविवारी तिची थोरली लेक प्रथमच सरावाला आली. तीही उंचीने कमीच आहे.