एका संध्याकाळचा हुकूम, सतरा वर्षांची चौकशी

वडील सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. एका पुलाच्या कामावरून निलंबन झालं, चौकशी लागली. 'दोषारोप सिद्ध होत नाहीत' हे पत्र घरी आलं तेव्हा त्यांना जाऊन चार महिने झाले होते. म्हणून परवा जनरल वॉरनबद्दल वाचताना मधेच पुस्तक मिटून ठेवलं.

गव्हर्नर के. वॉरन. (गव्हर्नर हे नावच, हुद्दा नव्हे!) अमेरिकन लष्करातला इंजिनिअर. १८५० मध्ये वेस्ट पॉइंटमधून दुसरा आला. मग मिसिसिपीपलीकडच्या मुलखाची मोजणी, नकाशे.

२ जुलै १८६३, गेटिसबर्ग. सैन्याचा मुख्य इंजिनिअर म्हणून तो लिटल राउंड टॉप या टेकडीवर चढला, तर तिथे निशाणं दाखवणारे मोजके शिपाई सोडून कोणीच नाही. दक्षिणेचं सैन्य तिकडेच निघालेलं. त्याने धावाधाव करून तुकड्या मागवल्या, त्या जेमतेम वेळेत पोहोचल्या. टेकडी वाचली.

पुढे तो कोअर कमांडर झाला. माणूस तोलूनमापून पावलं टाकणारा, इंजिनिअरच तो. वरिष्ठांना घाई. १ एप्रिल १८६५ ला फाइव्ह फोर्क्सची लढाई जिंकली आणि त्याच संध्याकाळी शेरिडनने त्याला पदावरून काढलं. का, तर दिरंगाई केली. शेरिडनकडे ग्रँटची परवानगी आधीच होती. आठ दिवसांनी ली शरण आला. म्हणजे डाग धुवायला पुढची लढाईसुद्धा उरली नाही.

वॉरन परत इंजिनिअर खात्यात मेजर. नद्यांची मोजणी, पुलांची कामं. आणि अर्जावर अर्ज: माझी चौकशी करा. हो, त्यानेच मागितली! पण ग्रँट आधी सरसेनापती, मग राष्ट्राध्यक्ष. ऐकणार कोण? १८७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेझनी चौकशी नेमली. ग्रँट, शेरिडन, इतकंच काय, शत्रुपक्षाचे सेनानीही साक्षीला आले. बहुतेक आरोप टिकले नाहीत.

निकाल जाहीर झाला नोव्हेंबर १८८२ मध्ये. वॉरन ऑगस्टमध्येच गेला होता, ५२ व्या वर्षी. लष्करी मानवंदना नको, गणवेश नको, साध्या कपड्यांत पुरा, असं सांगून.

१८८८ मध्ये त्या टेकडीवर त्याचा पुतळा बसवला. हातात दुर्बीण आहे.

आमच्याकडच्या पत्राच्या तीन झेरॉक्स काढल्या, आईच्या पेन्शनच्या फायलीला लावायला.