शेलारहून सारंगखेड्याच्या घोडेबाजारास

भिवंडीलगतच्या शेलार गांवीं मागांची खडखड आणि मालमोटारींची वर्दळ. घोड्याचें नांव तेथें वरातीपुरतेंच निघावयाचें. परंतु २०२३ सालीं हांगझोच्या आशियाई स्पर्धांत भारतीय संघानें ड्रेसाजचें सुवर्णपदक मिळविलें, आणि स्वाराच्या हलक्या इशाऱ्यावर घोड्यानें मोजून पाऊल टाकण्याची ही विद्या आमच्या भाच्याच्या मनानें घेतली.

मार्गशीर्षांत आग्रा रस्त्यानें नाशिक, धुळें मागें टाकून आम्ही तापीकांठचें सारंगखेडें गांठलें. एकमुखी दत्ताची ही यात्रा दत्तजयंतीस भरते. मारवाडी, काठेवाडी, शुभ्र नुकरे यांच्या दावणीच दावणी! ढोलावर नाचणाऱ्या जनावराभोंवतीं गर्दी लोटते, आणि मानेवर देवमणीचा भोंवरा असला कीं किंमत चढते. भोंवऱ्यानें का घोडा चालतो?

भाच्याची दृष्टि एका मारवाडी घोडीवर खिळली. रूप खरोखरच राजस. परंतु रेवाल चाल अंगांत मुरलेली. तींत एका अंगाचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबर पडतात. लांबच्या प्रवासांत स्वाराला तें मोठेंच सुख. ड्रेसाजच्या दुडकींत मात्र पुढचा एक आणि विरुद्ध अंगाचा मागचा एक, असे तिरपे पाय जोडीनें उचलावे लागतात. आणि मुरलेली चाल मोडणें सोपें नव्हे.

शेजारींच एक ठेंगणा, रुंद छातीचा कुमाईत उभा होता. सावकाश चालविला तेव्हां त्याच्या टापांचे चार ठोके स्वच्छ ऐकूं आले. मागचा खूर पुढच्याच्या ठशापलीकडे पडे. जवळ ढोल वाजला, तरी कान तेवढे हलले.

“हा नाचत नाहीं, भाऊ,” विकणारा ओशाळून म्हणाला.

भाचा घुश्शांतच होता. तरी विसार देऊन आम्ही पशुवैद्यास बोलाविलें. पाय तपासविले, ग्लँडर्ससाठीं रक्त पाठविलें. हा रोग माणसासही होतो. म्हणून उरलेली रक्कम अहवाल हातीं आल्यावरच द्यावयाची ठरली.